कूलरवरचा लाल आकडा

...तर माझंच चुकलं म्हणे! तुम्हाला सांगते, मुकुंदवाडीतल्या आमच्या घरात हॉलमधला लोखंडी कूलर करंट मारतो, रोज मारतो, भरलेली बादली मी दोनदा पायावर पाडून घेतलीय, आणि कडुबाकाका काय म्हणतात? "मेघे, वहम आहे तुझा." का? तर घराची वायरिंग त्यांनी स्वतः केलीय, अर्थिंगचा खड्डा तेवढा खणायचा राहिला, आता तिथं नवी फरशी बसलीय, आणि काकांना फरशी म्हणजे माणसापेक्षा... जाऊ द्या.

अहो, मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेय. दाराची बेल वाजली तरी दचकते, कबूल. पण मी दचकले म्हणून व्होल्टेज वाढतं का? ठरवलं, सूड घ्यायचा. कूलरच्या अंगात किती करंट उतरतो ते चारचौघांना दिसलं पाहिजे, आणि काकांनी आपल्या हातानं ती फरशी फोडली पाहिजे. वहम म्हणे!

पण घरची वीज मोजायची म्हणजे खेळ नाही... मेन स्विच बंद केला, खरंच बंद आहे का ते टेस्टरनं तीनदा बघितलं, दोन्ही तारांना फ्यूज लावले, मधे असा भाग टाकला की घरची वीज अन् माझा आकडा दाखवणारा बोर्ड एकमेकांना शिवणारच नाहीत, सगळं प्लास्टिकच्या डब्यात कोंबून कूलरवर बसवलं, आणि चालू करताना मी लाकडी पाटावर उभी, एक हात पाठीमागं. लीलाकाकू बघत होती. "हळद लावायचीय का गं तुला?" हसा, हसा. आकडा आला शहाण्णव व्होल्ट. शहाण्णव, आणि म्हणे वहम!

रविवारी पैठणहून काकांचे होणारे व्याही आले, अतुलदादाच्या लग्नाचं बोलायला. मी मुद्दाम तो तळहाताएवढा लाल आकडा त्यांच्याकडं वळवून ठेवला. त्यांनी विचारलंच, हे काय? आत असा गारवा सुटला म्हणून सांगू... बोला काका, आता बोला ना वहम.

काका हलले नाहीत. ऐटीत म्हणाले, "आमच्या मेघानं बनवलंय. शंभराच्या आत असला की चप्पल घालून पाणी भरायचं. वर गेला की जरा थांबायचं."

"लई भारी," व्याही म्हणाले, "आमच्या कूलरलाबी एक बसव की पोरी."

फरशी जशीच्या तशी आहे. आता काकू रोज सकाळी बादली घेऊन विचारते, "मेघा, आज किती हाय गं?" आणि मी बाजारभाव सांगावा तसं सांगते... "एक्क्याण्णव, काकू. आज बरंय."