गाभाऱ्याकडची भेग

हॅलो? ताई? अगं, ऐक ना… हो, वॉर्डात ड्यूटीवर आहेस, माहितेय. ठेवू नकोस! आई अडकलीय…

गुहेत! गुहेतल्या देवळात, अजून कुठे?… हो, हो, सकाळीच आलो. गाभाऱ्यात सरपटत जावं लागतं गं. एक माणूस जेमतेम मावेल एवढी भेग. ती मध्यावर पोचली आणि वीज गेली… नाही, पडली नाही. खांदा अडकलाय. पुढे जाईना, मागे येईना.

श्वास?… धाप लागलीय. पण बोलतेय. माझ्याशीच.

मी?… मी बाहेर आहे. भेगेच्या तोंडाशी.

ओरडू नकोस ना! मागेच होते तिच्या. अंधार झाला, पाठीला खडक टेकला आणि… उलटी सरकत आले… नाही, तिला नाही सांगितलं. "घाबरू नकोस, पोरी" म्हणतेय आतून. मला, ताई!

पुजारीबुवा आहेत ना पलीकडे, तिचे हात धरून. पण मागून रेटा हवा म्हणतात… रखवालदार? अगं, त्याचं पोट बघ, दारातच बूच बसेल!

हो… कळतंय, मीच… नाही गं होणार माझ्याच्याने… बरं. बरं. पण तू बोलत राहा. फोन पुढे सरकवत नेते.

हॅलो?… आहेस ना?… कोपरं सोलवटली… ओलं आहे सगळं… काही दिसत नाही, ताई, मी परत… थांब. टाच! आईची टाच लागली हाताला!

काय सांगू?… आई, ताई म्हणते, सगळा श्वास सोड. सगळा! खांदा सैल सोड… बुवा, ओढा!… अजून… अजून थोडं…

निघाली! ताई, निघाली गं!… हो, मीही आले पलीकडे… बसलीय. खांदा खरचटलाय. पाणी पितेय… नाही, रडत नाहीये मी.

हो, सांगितलं. परत फिरले होते म्हणून… म्हणते, कळलं होतं. पायाने चाचपून पाहिलं, मागे कोणीच नव्हतं. म्हणून तर बोलत राहिले म्हणते, बाहेर तू एकटीच भेदरली असशील…

बरं, ठेवते. त्याच वाटेने परत यायचंय गं… हो, भीती वाटतेयच. आई म्हणते, आता तू पुढे हो, मी आहे मागे.