तालीम नसलेलं गाव

कारखान्याचा दुपारचा भोंगा माझ्या कानात अजून वाजतो बघा. स्वातंत्र्यानंतर पाच-सात वर्षांनी आमच्या साखर कारखान्यात यंत्रं बसवायला चेकोस्लोव्हाकियाचा एक फिटर आला होता. भोंगा झाला की तो आमच्यात बसून चहा प्यायचा. मराठी शिकला, तीही माझ्याकडून.

एकदा त्यानं मातीत बोटानं आपलं गाव काढून दाखवलं. टेकडी, तळं, चर्च आणि चाळीस घरं.

बापू मुकादम वाकून म्हणाले, "तालीम कुठं हाय?"

"न्हाय."

"तालीम न्हाय, ते गाव कसलं? गोठा हाय की. चर्चला घंटा तरी हाय का?"

"व्हती. लढाईत जर्मनांनी मागितली, तोफा करायला. माझा बा ती वाजवायचा. त्येनंच उतरवून दिली."

"दिली? बांगड्या भरल्या व्हत्या काय तुझ्या बानं?"

आमच्या मुकादमांना लंगोट लावून तालमीत उतरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तरी सगळे हसले. मुकादमांचं लक्ष माझ्याकडे जावं म्हणून मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

त्यानं मुकादमांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं, अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून चालू लागला.