दुपारची चिमूट

हदगावची गाडी अजून लागली नव्हती. नांदेडच्या बसस्टँडवर म्हाताऱ्या विशाखाबाईंच्या शेजारी एक सासू-सून येऊन बसल्या. सुनेच्या मांडीवर पाण्याची फुगलेली पिशवी, तिच्यात चार नवे मासे.

"आत्या, आता कणकेच्या गोळ्या न्हाई टाकायच्या. मागचे सहा त्यानंच मेले."

"गोदावरीत आम्ही जन्मभर टाकल्या. तिथं न्हाई मेले ते."

विशाखाबाईंनीही लहानपणी घाटावर तशाच गोळ्या टाकल्या होत्या.

"ती वाहती नदी हाय. आपली काचपेटी. उरलेलं तळाला सडतं, आत लावलेली झाडं बी कुजून राहिलीत."

"मी समोर गेले की तोंड वासून काचेला येतात. उपाशी ठेवू?"

"ते कुनालाबी तसंच करतात."

"तुला करत न्हाईत."

"मी दिसभर ड्युटीवर असते, आत्या. ह्या बारीला मेले तर पेटीच विकतो म्हनलेत तुमचे लेक."

"बालाजी म्हनला?"

"हाव. म्हनून दिवसाला एक चिमूट, डबीतलं खाद्य. मी सकाळी घालून जाईन."

"एकच?"

"एकच."

"मंग मला घालू दे. दुपारी."

"दुपारी कशाला?"

"सकाळी तुम्ही समदे घरीच असता की."

सुनेनं माशांची पिशवी उचलून सासूच्या मांडीवर ठेवली.

"काय गं?"

"घाला. पन चिमूट म्हंजे चिमूट, आत्या. मूठ नव्हं."