पत्र्याखालचं बोलावणं

माननीय अध्यक्ष इंद्रदेवजी, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते तुलसीरामकाका, आणि कांप दे मास्क गावच्या माझ्या वडीलधाऱ्यांनो, बंधू-भगिनींनो,

मी इंग्लिश शाळेत शिकलेला. मराठी अडखळणार. पुष्पाकाकी, आत्तापासून हसू नका!

तुलसीरामकाका आधी आपल्या गावच्या कौन्सिलचे अध्यक्ष, मग चार वर्षं असेंब्लीत. उद्या लॉरी येईल, आणि ते व्हाकोआ शहरात मुलाकडे राहायला जातील. त्यांनी आणलेल्या नळाबद्दल, रस्त्याबद्दल पाहुणे बोललेच. पण ते निवडून कशामुळे आले? नळामुळे?

साठ सालच्या सिक्लोननं, त्या चक्रीवादळानं, अर्धं गाव आडवं केलं. सरकार सिमेंटची घरं देणार होतं. सरकारी साहेबानं विचारलं, पहिलं घर कुणाला? सगळे म्हणाले, कुंतीकाकीला. तुलसीरामकाकांची धाकटी बहीण. तिच्या घराची एकही भिंत उरली नव्हती.

तुलसीरामकाका म्हणाले, "माझी बहीण आहे. तिचं शेवटी."

तिचा नवरा, नंदलालकाका, तिथंच ओरडले, "अरे पुढाऱ्या, ती खोकून खोकून मरायला टेकलीय!"

"लोक काय म्हणतील, नंदलाल?"

लोक काय म्हणाले? वा वा म्हणाले! माणूस असावा तर असा, म्हणाले, आणि मतं दिली. कुंतीकाकी त्याच थंडीत पत्र्याच्या खोपटातच वारली. घर आलं तेव्हा नंदलालकाकांनी घेतलं नाही. ते अजून त्याच पत्र्याखाली राहतात. आणि तुलसीरामकाका? तिच्या मातीला गेले, त्यानंतर त्या दारात पाय ठेवला नाही.

काल मी नंदलालकाकांना आमंत्रण द्यायला गेलो. ते म्हणाले, "हार घाला, फोटो काढा, मला कशाला बोलावता?" मी वळलो, तर म्हणाले, "थांब रे. जायच्या आधी एकदा इथं येऊन बस म्हणावं त्याला. बोलू नको काही. तिनं जिथं डोळे मिटले, तिथं नुसता बस."

सकाळी मी हे तुलसीरामकाकांना सांगितलं. म्हणाले, "कुठल्या तोंडानं जाऊ?" म्हणून चारचौघांत बोलतोय. गावानं त्यांना असेंब्लीत पाठवलं, मग एवढ्या दारापर्यंत पाठवता येणार नाही का?

अध्यक्षसाहेब, बोलू दिलंत, उपकार झाले. लहान तोंडी फार झालं असेल तर मोठ्या मनानं सोडून द्या. तुलसीरामकाका, उठा. चहा थांबेल. मी दारापर्यंत येतो. आत तुम्हीच जा.