लोडाचा चेहरा

...नापास! मी! आणि कारण काय, तर म्हणे पेशंटचा चेहरा बघितला नाही! अहो, तुम्हाला सांगते, पेशंट म्हणजे आमच्या सोफ्यावरचा लोड होता हो! लोडाला कसला आलाय चेहरा?

लॉकडाऊनमधली फिजिओथेरपीची प्रॅक्टिकल परीक्षा, त्यामुळे सर त्यांच्या घरी आणि मी माझ्या! लोडाला बाबांचा शर्ट घातला, एका बाहीत चादर कोंबली, झाला पेशंट. आई मोबाइल धरून उभी. आणि पेशंटचा आवाज? तो सर स्क्रीनवरून काढणार! "मी जखडलेल्या खांद्याचा पेशंट. हात हळूहळू वर ने, दुखलं की मी ओरडेन." बरं. नेला. शांतता. अजून नेला. शांतता... म्हटलं, वा, पेशंट गुणाचा दिसतोय! नेला पार कानापर्यंत, बाही टर्रकन फाटली, बाबा आतून ओरडले, "नवा शर्ट गं तो!", आणि मग, सगळं उरकल्यावर, नेट सावकाश जागं होऊन मोबाइलमधून आवाज आला, "आई गंऽऽ! मेलो!"

मी म्हटलं, सर, तुमचं ओरडणं उशिरा पोहोचलं. तर म्हणतात, "आवाजावर काय विसंबतेस? ओरडायच्या आधी चेहरा बोलतो. चेहरा बघ, चेहरा!" अहो पण कुणाचा? लोडाचा? मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या, मी तिथंच, आणि आत्या येता-जाता, "काय गं, बरा आहे का तुझा पेशंट?" तेव्हाच ठरवलं, हा माणूस कधीतरी माझ्या तावडीत सापडू दे, मग दाखवते!

आणि सापडला! पुढं पास झाले, स्वतःचा दवाखाना थाटला, आणि परवा त्याचं दार ढकलून कोण आत यावं? सर! उजवा खांदा जखडलेला! देव आहे हो, देव आहे! मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. बेत पक्का. हात वर न्यायचा, ते ओरडले की गोड हसून म्हणायचं, "सर, नेट स्लो आहे, तुमचा आवाज पोहोचलाच नाही!" झोपवलं टेबलावर. धरला हात. नेला वर, अजून थोडा, आता एकच रेटा... आणि सरांची डावी भुवई जराशी थरथरली.

थांबला ना माझा हात! आपोआप! ओरडले नव्हते हो अजून, तोंडसुद्धा उघडलं नव्हतं! मी मनात म्हणतेय, अगं रेट, रेट, पण हात ऐकेल तर शपथ!

सर डोळे मिटूनच म्हणाले, "शाब्बास. चेहरा बघितलास."

आता बोला! एवढं चांगलं शिकवायची काय गरज होती हो या माणसाला? धड सूडसुद्धा घेता येईना!