पूजेतला पाना

—अवो, टेम्पो कशाला वळवतासा? उतरवा की हितंच, दारात! आज खंडेनवमी हाय ह्ये मलाबी कळतंय. हत्यारं पूजेला बसल्यात, आज पान्याला हात लावायचा नसतोय, उद्या या — असं म्हनायला पायजे. पर माझं नाव रुद्राप्पा, आन् चौऱ्याहत्तर वर्षांत मी एकबी नेम धड पाळलेला न्हाय, तर आजच कशाला सुरुवात करू? बसा. त्या खुर्चीवर नगं — तिचा पाय मोडकाय, तिच्यावर मी फकस्त टॅक्सवाल्यास्नी बसवतोय. ह्या स्टुलावर बसा. शिरोळचं न्हवं? चिखलावरनंच वळिखलं. पुरात इंजिन बुडलं, नावाची पाटी वाहून गेली, आन् तवापासनं चालू हुईना — व्हय की न्हाय? बघा, तुमी तोंड उघडायच्या आत सांगितलं, तुमी नुसती मान हलवा. कुनी धाडलं हिकडं? — बरं, नगा सांगू, लाजताय कशापायी, सोयरिक न्हाय जमवायची काय!

पाटी नसली तरी चालतंय. ह्या बाजूला हात फिरवा — हां, फडक्यानं पुसा जरा — लागली न्हवं बोटाला गाठ? अर्ध्या सुपारीएवढी? ह्येच! ह्ये आमचं शिवलीला इंजिन, आठ हॉर्सपॉवर! शिवलीला म्हंजे माझी बायको, आता न्हाय ती. तिचं नाव दिलं कारन दोघींचं एकच — चालू व्हायला येळ, पर एकदा चालू झाल्यावर कुनाच्या बाला बंद व्हायची न्हाय. आन् ती सुपारी? ती माझी मस्करी. आमचा केरबा, लाकडाचा साचा त्योच करायचा, कास्टिंग ओतायला लागतोय त्यो, दिसभर सुपारी कातरत बसायचा. एकदा मी त्येचीच अर्धी सुपारी त्येच्याच साच्याला सरसानं चिकटवली. त्येला म्हायती न्हाय, भट्टीवाल्याला म्हायती न्हाय — चाळीस इंजिनं सुपारीसकट ओतून भाईर! केरबा हातोडा घिऊन सगळ्या उद्यमनगरातनं पळवत हुता मला. पर शेतकऱ्यानं काय केलं? सुपारी चाचपूनच इंजिन घ्यायला लागला! सुपारी हाय? मग खरं. न्हाय? मग बनावट. तीस वर्षं, पावणं, तीस वर्षं ह्या दारात टेम्पोंची रांग, आन् रांगेत भांडनं.

आता मी एवढा का हसतोय सांगू? मृत्युंजय, माझा ल्योक, त्येनं एक कागद दिलाय — ह्यो बघा, खिशातच हाय. भट्टी कायमची बंद आन् जागा त्येच्या गोडावनला. त्यो आता परदेशातनं इंजिनं आनून इकतोय, खोक्यातनं येत्यात, थर्माकोलात, बाळंतिणीसारखी कानटोपं घालून. मी त्येच्या दुकानाची पायरी चढलेलो न्हाय, मला न्हाय बघवत. मी म्हनलं, सही करतो की, पर एक अट. खंडेनवमीपातूर एक — एकच — शिवलीला ह्या दारात दुरुस्तीला आली तर कागद फाडायचा. त्यो म्हनला, बरं आप्पा. तीन म्हैनं झालं, आप्पा रोज सकाळी दार उघडून बसतोय. कुत्रं सुदिक मुतायला आलं न्हाय. आन् आज, शेवटच्या दिशी, तुमी! तोंड का पाडलंसा? पेढा घ्या. घ्या ओ, देवाम्होरला हाय, मुंग्या लागल्या तर लागू द्यात, त्याबी गोडच असत्यात.

थांबा, पाना घेतो. हळद-कुंकू लागलंय त्येला, असू दे, नवरीगत दिसतोय. शिवलीला असती तर वराडली असती. मागंबी एकदा अशीच वराडली ती, मशीनवर नारळ फोडला तवा. कंचं मशीन म्हनून इचारताय व्हय? — न्हाय इचारलं, मीच सांगतोय. धा-बारा वर्षं झाली. मृत्युंजयनं संगणकावर चालनारं मशीन आनलं हुतं. परदेशातनं तीनशे इंजिनांची मागणी आलती, आन् त्येंची अट एकच — ह्या इंजिनाचा पिस्टन त्या इंजिनात बसाय पायजे. आमचं कसं? परत्येक इंजिन सवतं, केरबा कानस मारून मारून जुळवनार, समदी मापं त्येच्या अंगठ्यात. ड्रॉइंग? ड्रॉइंग शाळंत पोरं काढत्यात! तर मशीन आलं, खंडेनवमी आली, माझ्या हातात नारळ दिला, आन् म्या त्यो फोडला — मशीनच्या टाळक्यावरच, बटनं असत्यात तितं. पानी आत, धूर भाईर! समदी म्हनली, आप्पांचा हात निसटला, म्हातारं मानूस — बासष्टीचा हुतो ओ, म्हातारा कसला! हात न्हाय निसटला, पावणं. आजपातूर कुनाला बोललो न्हाय. मला वाटलं, मशीन गेलं तर केरबाचा अंगठा ऱ्हाईल. मशीन गेलं, मागणी गेली, आन् दोन वर्सानं केरबाबी गेला — मेला न्हाय, तसं न्हाय — एका अपार्टमेंटच्या गेटवर बसतोय, गाड्यांचं नंबर लिवून घेतोय. त्याच अंगठ्यानं पेन धरून.

जाऊ द्या. पुराचं पानी आत शिरलं असंल, आदी हेड उघडूया. धरा तिकडनं. आमचे समदे नट इंचात, डोळं झाकून पाना बसतोय, बघाच तुमी — थांबा. कुंकवानं घसरत असंल. थांबा की. — फिरतोय. पाना नुसताच फिरतोय. ह्यो ढिला हुतोय, आन् ह्येच्या खालच्या मापाचा पाना बसंना. ह्यो नट मिलिमीटरचा हाय, आमचा न्हाय.

सुपारी तर हाय की हितं! माझी सुपारी… हां. हां! आलतं की चौघं, त्या मागणीच्या आदी. परदेशी पावणं, गळ्यात कॅमेरं. मिसळ खाल्ली, डोळ्यांतनं पानी, तरी हसत हुतं बिचारं. इचारलं, ही गाठ कशाला? मी थोबाड सुतकी करून सांगितलं — त्या गाठीतनं इंजिनाची उष्णता भाईर पडती, समदं गुपित तिच्यातच. केरबा तोंडात फडकं कोंबून हसत हुता. त्येंनी गाठ मापली, चारी बाजूनं. मला लई चेव आला — आतनं साचाच आनून त्येंच्या मांडीवर ठिवला, मापा बाबांनो, मापा! समदं मापून नेलं त्येंनी. आन् बघा, इमानदारीनं सुपारीबी ओतली. कुनी ती काडून टाकली न्हाय. असली कसली मानसं म्हनायची ही, मस्करीबी मापात बसवत्यात!

पर ह्ये पाटीचं काय? स्क्रूची भोकं बघा. चिखल समदीकडं, आन् भोकं आतनं लख्ख. पुरात न्हाय गेली ही, आज सकाळी काढलीया. आन् ह्यो डिझेलचा कॉक — बंद! एवढंच बिघडलंय? वर बघा, पावणं. मी मारत न्हाय. कुनाकडनं घेतलं ह्ये? — मृत्युंजयकडनं. आन् त्येनंच धाडलं. काय म्हनला त्यो — चिखल पुसू नका, पाटीचं इचारलं तर पुरात गेली म्हना, आप्पांस्नी सांगा शिवलीला हाय. आयला! माझंच पोरगं! आन् मी वळिखलं न्हाय! हसा की, तुमी का रडवेलं झालासा, तुमाला कोन काय म्हनतंय?

कॉक उघडा. मारा हँडल. — बघा, पयल्याच फेरीला. आवाज तरी हाय का, मांजर झोपल्यागत. पाच रुपयाचं नाणं हाय? द्या. आमच्या शिवलीलावर म्या नाणं कडेवर उभं करायचो, मोजून वीस ठोकं टिकायचं, गिऱ्हाईक टाळ्या पिटायचं. ह्येच्यावर… उभं हाय. अजून उभंच हाय. — पाडा ते. पाडा म्हनतो की! बंद करा इंजिन.

न्हाय, रागावलो न्हाय. त्येनं मला हरवायला फसवलं असतं तर कागद फाडून त्येच्याच डोसक्यावर उधळला असता. ह्येनं मी जिंकावं म्हनून फसवलं. जन्मभर समद्यांची टिंगल केली ओ म्या, शिव्या खाल्ल्या, हातोडा चुकवला — पर दया कुनी केली नव्हती.

पेन हाय? त्यो स्टूल सरकवा हिकडं, त्येच्यावर कागद ठिवतो. हां. झाली सही, ह्यो मृत्युंजयला द्या. काय इचारलं तर सांगा, आप्पा फसला, लई खूश झाला — न्हाय, मग सही कशी केली म्हनंल. कायच सांगू नका. आन् त्ये नारळाचं, त्येबी तुमच्यातच ऱ्हाऊ द्या. चढवा इंजिन. पाना द्या हिकडं, पूजंत ठिवतो. आज हत्यार उचलायचं नसतंय.

जावा आता.