चांगल्या गालाला सुई

आमच्या सिल्लोडच्या काकांचं सांगतो. लकव्यानंतर त्यांचा डावा गाल ढिला पडला अन् तोंड उजवीकडं ओढलं गेलं. पोरीचं लग्न तोंडावर आलेलं, म्हणून मी काका-काकूंना संभाजीनगरला डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरनं सुई उजव्या गालाजवळ आणली. काकांनी हात धरला.

"साहेब, बिघडलाय डावा. हा चांगलाय."

"डाव्यात आता जोर येणार नाही काका. ह्या सुईनं उजवा थोडा सैल केला की तोंड सरळ दिसतं."

"म्हणजे बिघडायचं एकानं अन् सैल व्हायचं दुसऱ्यानं? ह्यो कुठला न्याय?"

बाजूला बसलेल्या काकू म्हणाल्या, "आपल्याच घरातला. लग्न झाल्यापासून मी तेच करतेय."

काकांनी डॉक्टरचा हात सोडला अन् उजवा गाल पुढं केला.